कापराच्या कपाटातला चिकटा

१८ मार्च, मंगळवार

आज पुण्याच्या हृषीकेशकडच्या वास्तुशांतीत माझी चांगलीच शोभा झाली. ते जोडपं तिकडे पाटावर आणि मी इकडे झाशीत लॅपटॉपपुढे. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून घराण्याचं उपाध्येपण मी असंच चालवतो. आमचे यजमान आता झाशीत उरलेत कुठे? तर पुण्याहवाचनापर्यंत सगळं सुरळीत होतं. मग आवाज चालू करायला माउसवर हात ठेवला आणि तो निघेना. ओढला तर माउसही हाताबरोबर वर आला, भलतंच काहीतरी दाबलं गेलं आणि पुणं बंद पडलं. परत जोडेपर्यंत तिकडे अग्नी विझत आला होता. हृषीकेशची आई म्हणाली, वामनगुरुजी, पुढच्या वेळी आम्ही इथलंच कुणी बघू का? विचारलं अगदी गोड आवाजात.

माउसवर जो काळा, मऊ, रबरासारखा थर असतो तो पाकासारखा चिकट झालाय. लॅपटॉपच्या झाकणावरही तेच, लॅपटॉपला लावायच्या कॅमेऱ्याच्या डबीवरही थोडंसं. हात काळे झाले, रेशमी मुकट्याला डाग पडला. माझ्या उजव्या अंगठ्यावर लहानपणची अडकित्त्याची खूण आहे, त्या खाचेत हा चिकटा जाऊन बसला तो रिठ्यानेही निघाला नाही.

ही सगळी सामग्री सोवळ्यातली. आंघोळ केल्याशिवाय मी स्वतः तिला शिवत नाही. मग हा खरकटा हात कुणाचा?

१९ मार्च, बुधवार

घरात माणसं तीन. मी, माझा मुलगा पराग आणि सून देविका. भांडी घासणारी बाई ओसरीच्या आत येत नाही. पराग सकाळी रेल्वेच्या शेडला जातो तो संध्याकाळी उगवतो. राहिलं कोण, ते लिहायला नको.

सून चांगली आहे असं सगळे म्हणतात. चारचौघांत मीही म्हणतो. इथून जवळच्या बबीन्याच्या ठाकुरांची मुलगी, वडील दामोदर सिंह फौजेतले सुभेदार. शाळेत कॉम्प्युटर शिकवते. लग्नाला चार वर्षं झाली, पण मराठी समजते तेवढी बोलता येत नाही. माहेरी काय शिजतं ते मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायचं नव्हतं.

दुपारी ओसरीत मुंग्यांच्या रांगेजवळ माउस ठेवून पाहिला. एकही मुंगी फिरकली नाही. म्हणजे गूळ, मध, पाक यांतलं काही नाही. तूप तरी असणार, नाहीतर डोक्याचं तेल.

तेवढ्यात देविका तिथे आली. थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "बाबूजी, किसी ने कुछ नहीं लगाया। ये जो ऊपर रबर की परत होती है न, कुछ साल में अपने आप गल जाती है।"

मी नुसतं हं म्हटलं. वस्तू आपोआप चिकट होते म्हणे. आमच्या देवघरात पणजोबांच्या वेळची पळी-पंचपात्री आहे, ती नाही कधी आपोआप चिकट झाली. आणि मी एक अक्षर बोललेलो नसताना ‘किसी ने कुछ नहीं लगाया’ हे हिने का सांगावं?

२१ मार्च, शुक्रवार

दर शुक्रवारी सकाळी लक्ष्मी तालावरच्या महालक्ष्मीच्या देवळात माझा पाठ असतो. तिथून आलो आणि तांब्याची भांडी घासतो तसा माउस चिंच-मिठाने घासला. आता तो चिकट तर आहेच, वर चिंचेचे धागेही आहेत. लॅपटॉपच्या झाकणाला कोरडं बेसन चोळलं, त्याच्या गोळ्या वळल्या. देविका दारातून पाहत होती. काही बोलली नाही. बोलायला तोंड कुठे आहे?

आता बंदोबस्त वाढवला. देवघराशेजारच्या कपाटात हे सगळं कमळेच्या धाबळीत गुंडाळून ठेवतो, ती सोवळ्यात नेसायची ती लोकरीची. कसर लागू नये म्हणून आत कापराच्या वड्या असतातच, त्या दुप्पट केल्या. कपाटाला कुलूप घातलं. किल्ली कमळा ठेवायची तिथेच ठेवली, देवघरात अन्नपूर्णेच्या वाटीत, तांदळाखाली. ती जागा मला आणि कमळेला सोडून कुणालाच ठाऊक नाही, आणि माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली. कडुनिंबाची चटणी देविकेने वाटली होती, बरी होती.

जेवणानंतर परागने विषय काढला. यंदा चैत्रगौर बसवायची का, असं देविका विचारत होती म्हणे. कमळा गेल्यापासून आमच्याकडे गौर बसलेली नाही. हा काही झोपाळ्यात मूर्ती ठेवून बायकांना आंब्याची डाळ आणि पन्हं देण्यापुरता प्रश्न नाही. आमच्याकडे जी गौर बसवते ती घरची बाई. कुळाचार, देवांची भांडी, किल्ल्या, सगळं मग तिच्या हाती. मी म्हटलं, बघू.

पराग म्हणाला, अजून किती वर्षं बघणार? मग हळूच सांगितलं की त्याला रेल्वेचं क्वार्टर मिळतंय, एप्रिलअखेर हो-नाही कळवायचंय. ती या घरात अजूनही पाहुणी असेल तर पाहुणीने फार दिवस राहू नये, असं म्हणाला. आवाज चढवला नाही, त्यामुळे मलाही चढवता आला नाही.

गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत कधीही करतात. तोपर्यंत सांगतो म्हटलं. ते दोघं गेले तर या घरात मी एकटा कसा राहीन, याचा थोडा विचार केला, मग पंचांग उघडलं.

३ एप्रिल, गुरुवार

नागपूरच्या यजमानांनी मुंजीला दुसरे गुरुजी ठरवले. कारण मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चिकटा वाढतोच आहे. कपाट बंद, कापूर दुप्पट, आणि तरी वाढतो आहे, म्हणजे कुणाचा तरी हात आत जातो आहे.

आज सापळा लावला. होमाचं भस्म वस्त्रगाळ केलं. माउस उजव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरला आणि डाव्या हाताने त्यावर सगळीकडून भस्म भुरभुरलं. मग तसाच अलगद धाबळीत ठेवून कुलूप घातलं. जो शिवेल त्याचा ठसा राहील. पोलीस तरी याहून वेगळं काय करतात?

४ एप्रिल, शुक्रवार

सापडला. माउसच्या कुशीला अंगठ्याचा स्वच्छ ठसा उमटलाय. चांगला मोठा अंगठा आहे, आणि मधोमध एक तिरकी रेघ. एवढी ठळक खूण घेऊन माणूस किती दिवस लपेल?

जेवताना देविका वाढत होती तेव्हा तिचा अंगठा पाहायचा प्रयत्न केला. वरण वाढताना तो आत वळतो, म्हणून नको असताना दोनदा पापड मागितला. रेघ नाही. परागला म्हटलं, दाखव हात, तुझी आयुष्यरेषा बघू. त्याने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं पण दाखवला. त्याचाही साफ. संध्याकाळी भांडीवालीला मुद्दाम प्रसाद दिला आणि तिचाही हात पाहून घेतला. ती जाताना देविकेच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या.

म्हणजे बाहेरचा कुणीतरी माणूस घरात येतो. मी शुक्रवारी देवळात असतो तेव्हाच येत असणार. देविकेची शाळा शुक्रवारी उशिरा असते, हेही ध्यानात घ्यावं.

११ एप्रिल, शुक्रवार

देवळातून आलो आणि आधी कपाट उघडलं. कुलूप जागेवर, किल्ली जागेवर, धाबळीची घडी जशीच्या तशी. माउस मात्र माझा नाही. माझा माउस काळा पण मंद होता, हा चांगला चकाकतो. चिकटपणा नाही, भस्म नाही, ठसा नाही. होता नव्हता तो पुरावा गेला. आकार तोच. वायरीला पडलेला पीळ तोच. ‘डावीकडचं बटण दाबणे’ अशी कमळेने पोटाशी चिकटवलेली चिठ्ठीही तीच, म्हणजे बदलणाऱ्याने चिठ्ठीसुद्धा काढून नव्याला लावली. कसला पोचलेला माणूस असेल.

चालतो मात्र छान. दुपारी अमरावतीची सत्यनारायणाची पूजा निर्विघ्न झाली, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. यजमानीणबाई म्हणाल्या, आज गुरुजींचा आवाज कसा मोकळा वाटला. मला आनंद व्हायला हवा होता. पण तो अनोळखी माउस कपाटात आहे हे अजून डोक्यातून गेलेलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

परसात कचऱ्याच्या डब्यात परागच्या जुन्या बनियनच्या चिंध्या मिळाल्या. काळ्याकुट्ट, चिकट, त्यांना बारीक बारीक गोळे लागलेले. वास घेतला. इंजेक्शन द्यायच्या आधी नर्स कापूस फिरवते, तसला वास. कापडाचे काळे तुकडे घरात येणं मला कधीच आवडलेलं नाही. करणी-बिरणीवर माझा विश्वास नाही, तरी रामरक्षा म्हटली आणि उंबऱ्यावर मोहरी टाकली. देविकेने ती थोड्या वेळाने झाडून काढली.

तिच्या नखांच्या कडा काळ्या आहेत. शाळेत कॉम्प्युटर शिकवणारीची नखं कशाने काळी होतील?

१८ एप्रिल, शुक्रवार

आज लॅपटॉप. झाकणावरचा चिकटा गेला आणि बेसनाच्या गोळ्याही गेल्या. हात फिरवला तर पाटासारखं गुळगुळीत. दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी मी लॅपटॉपलाही कुंकवाची पिंजर लावतो, झाकणाच्या मधोमध, ती वर्षभर तशीच असते. आज त्या जागी टिळा आहे, पण तो आमचा नव्हे. आमची पिंजर लालभडक. हा नारिंगी शेंदूर आहे, उत्तरेकडच्या बायका भांगात भरतात तो. अशी डबी या घरात एकीच्याच आरशाखाली असते.

आता शंकाच उरली नाही. हात तिचाच. प्रश्न एवढाच की ती काय करते आहे, आणि रेघेच्या अंगठ्याचा माणूस कोण. चोरी करून जाताना कुणी टिळा लावून जात नाही, हे मलाही कळतं. टिळा अगदी मधोमध होता. तेवढंच खटकतंय.

२० एप्रिल, रविवार

मला हे लिहवत नाही, पण लिहितो.

देविका बडा बाजारात कैऱ्या आणायला गेली होती. मी स्वयंपाकघरात गूळ शोधत होतो. कणकेच्या डब्यामागे बाटली सापडली, अर्धी झालेली. चष्मा लावून वाचलं. पहिला शब्द लांबलचक आहे, पुढे स्वच्छ लिहिलंय, अल्कोहोल, आणि खाली नव्याण्णव टक्के. झाकण उघडून हुंगलं तर डोकं गरगरलं. चिंध्यांचा वास हाच.

सगळं जुळलं. निवृत्त फौजींना कॅन्टीनमधून बाटल्या मिळतात हे कुणाला ठाऊक नाही? बाप आणून देतो, मुलगी कणकेच्या डब्यामागे ठेवते, मी देवळात गेलो की आपलं चालतं. पण नव्याण्णव टक्के! ही माणसं पितात तरी काय?

मला वाईट वाटलं. अगदी खरं वाईट वाटलं. आजारपणात कमळा हिला उशाशी बसवून गौरीची गाणी शिकवायची. ही तोडकंमोडकं म्हणायची आणि कमळा खोकत खोकत हसायची. त्या बाईच्या जागी मी हिला बसवायला निघालो होतो. निदान निघायच्या बेतात तरी होतो.

२३ एप्रिल, बुधवार

सुभेदारांना फोन केला. येत्या रविवारी या म्हटलं, घरचं थोडं बोलायचंय. ते म्हणाले, "ज़रूर आएँगे, पंडित जी। बिटिया ठीक है न?" मी म्हटलं, आल्यावर बोलू. परागला मुद्दाम काही सांगितलं नाही. जे होईल ते सगळ्यांसमोर होऊ दे, मग क्वार्टर घ्या नाहीतर काही करा. अक्षय्य तृतीया आठवड्यावर आली आहे आणि माझा निर्णय झालाय. गौर बसणार नाही.

२७ एप्रिल, रविवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीने आठवीन.

सुभेदार दामोदर सिंह ऊन चढायच्या आत आले. पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. पराग होता, देविका पाणी घेऊन आली. मी नमस्कार-चमत्कार झाल्याबरोबर बाटली आणून चौरंगावर ठेवली आणि विचारलं की ही कुणाची, कुठून आली आणि आमच्या घरात कधीपासून आहे.

पराग म्हणाला, बाबा, काय चाललंय? सुभेदारांनी बाटली उचलली, हातभर लांब धरून वाचली आणि खाली ठेवली. त्यांचा चेहरा उतरला, पण तो बाटलीमुळे नव्हे. "पंडित जी," ते म्हणाले, "मैंने उमर भर कैंटीन की बोतल नहीं उठाई। आपने मुझे इसके लिए बुलाया है?"

मी म्हटलं, मी तुमच्यावर काही बोललो नाही, तुमच्या मुलीला विचारतोय.

देविका उभी होती. रडली नाही, ओरडली नाही. "इसे पिएँगे तो आदमी मर जाएगा, बाबूजी," ती म्हणाली. "यह सफाई की है।" मग आत गेली आणि कपाटातली कॅमेऱ्याची डबी घेऊन आली, तीच जी अजून चिकट आहे. कापडाच्या तुकड्यावर बाटलीतलं थोडं घेतलं आणि एका बाजूने चोळायला लागली. कापड काळं व्हायला लागलं. बारीक बारीक गोळे सुटायला लागले. चोळून झालं तेव्हा डबीची एक बाजू माझ्या नव्या माउससारखी चकाकत होती आणि दुसरी तशीच लिबलिबीत. तिने ती माझ्यापुढे ठेवली.

मग तिने जे सांगितलं ते असं. तो रबराचा थर कापडाने घासला की निघतो, पण स्पिरिटशिवाय निघत नाही, आणि पूजेच्या वस्तूला स्पिरिट लावायचं म्हटलं असतं तर मी तिला घराबाहेर काढलं असतं. म्हणून शुक्रवारी, मी देवळात गेलो की, ती नहाणीघरात जाऊन डोक्यावरून आंघोळ करायची, ओल्या केसांनी कमळेची धाबळी गुंडाळायची आणि पंखा न लावता बसायची, कारण पंख्याने स्पिरिट उडून जातं. एप्रिलात, झाशीत, लोकरीच्या धाबळीत. वस्तू झाली की वाळवून, आधी टिळा असेल तर तो पुन्हा लावून परत गुंडाळून ठेवायची. पिंजरीची डबी माझ्या पूजेच्या पेटीत असते, पेटीला हात लावायचा नाही हे तिला ठाऊक, म्हणून आपल्याजवळचा शेंदूर लावला. माउसवर भस्म दिसलं तेव्हा वाटलं मी त्याची पूजा केली आहे, म्हणून ते पुसायच्या आधी तिने नमस्कार केला होता. कापराने बहुतेक हे आणखी लवकर पाघळतं, बंद कपाटात ठेवू नका, असंही तिने मधेच सांगितलं, शाळेत सांगत असेल तसं.

"आप बीच पूजा में अटक जाते थे," ती म्हणाली. "फिर फोन पर सबसे माफ़ी माँगते थे। मुझसे देखा नहीं जाता था।"

मी हरलो होतो हे मला कळलं होतं, पण माणूस शेवटची काडी सोडत नाही. मी विचारलं, किल्ली? कपाटाला कुलूप असतं. किल्ली कुठे असते ते मी माझ्या मुलालाही सांगितलेलं नाही.

देविका देवघराकडे बघून बोलली. "आई ने दिखाई थी। आखिर के दिनों में।" मग एक वाक्य तिने मराठीत म्हटलं. एरवी तिच्या तोंडात ‘ळ’ बसत नाही. हे वाक्य मात्र जसं ऐकलं तसं पाठ केलेलं होतं, श्वास घ्यायच्या जागासुद्धा कमळेच्या.

"हे विसरभोळे आहेत, आणि संशयीही आहेत. दोन्हींचा राग धरू नकोस."

पंखा फिरत होता आणि चौरंगावर स्पिरिटचा वास येत होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी उठून आत गेलो आणि माठातलं पाणी प्यायलो. परत आलो तेव्हा सुभेदार उभे राहिले होते. म्हणाले, दोन-चार दिवस बिटियाला घेऊन जातो. देविकेने पिशवी भरली. जाताना माझ्या पाया पडली, नेहमीसारखी. पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

पराग माझ्याशी बोललेला नाही. क्वार्टरचा कागद त्याच्या टेबलावर आहे.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी पूजा झाल्यावर परागच्या कपाळाला अंगारा लावायला गेलो. तो मागे सरला, म्हणून हात तसाच राहिला. खिडकीतून ऊन येत होतं. अंगठ्यावर भस्म, आणि मधोमध अडकित्त्याची तिरकी रेघ.

चोर मीच धरला होता, त्याच हाताच्या चिमटीत.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळच्या बसने बबीन्याला गेलो. परागला सांगितलं नाही, कारण तो येतो म्हणाला असता आणि मला एकट्याने जायचं होतं.

लग्नाच्या वेळी गेलो होतो तेव्हा मी माझा तांब्या बरोबर नेला होता. त्यांच्याकडचं पाणी प्यायलो नव्हतो. कमळा प्यायली होती आणि त्यावरून परतीच्या वाटेत मी तिला बोललोही होतो. आज तांब्या नेला नाही. सुभेदारांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि जरा मागे घेतला, त्यांनाही ते आठवलं असणार. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि सगळा प्यायलो. त्यांच्या अंगणात तुळस आहे, ओट्यावर मारुतीची तसबीर आहे. काय शिजतं ते पाहिलं नाही. आता पाहायचं काही कारण नव्हतं.

देविका बाहेर आली. मी तिला सांगितलं, माझं चुकलं. मी तुझ्यावर संशय घेतला, तुझ्या वडिलांचा अपमान केला, आणि तू माझी लाज राखत होतीस. ठसाही माझाच होता.

"कौन सा ठप्पा, बाबूजी?"

तिला सापळ्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग सगळं सांगावं लागलं. मुंग्या, भस्म, दोनदा मागितलेला पापड, बाहेरून येणारा रेघेच्या अंगठ्याचा माणूस. मी अंगठा दाखवला. सुभेदारांनी तो नीट निरखून पाहिला आणि मान खाली घातली, त्यांचे खांदे हलत होते. देविका पदराने तोंड झाकून हसायला लागली, आणि हसता हसता रडली. तेव्हा कुठे रडली.

मी म्हटलं, आमच्यात चैत्रात गौर माहेरपणाला येते, अक्षय्य तृतीयेला सासरी जाते. उद्या तृतीया आहे. मी न्यायला आलोय. तिने वडिलांकडे पाहिलं आणि पिशवी आणायला आत गेली.

बसमध्ये मी रुमालात बांधून नेलेली किल्ली तिच्या हातात दिली. ही आता तुझ्याकडे राहू दे म्हटलं. तिने गाठ सोडून पाहिली आणि पुन्हा बांधली.

"जहाँ आई रखती थीं, वहीं रहने दीजिए।"

३० एप्रिल, बुधवार, अक्षय्य तृतीया

एका दिवसाची गौर बसली. झोपाळा माळ्यावरून परागने काढला. मूर्ती घासून पुसून देविकेने बसवली. कैरीची डाळ थोडी तिखट झाली होती, पन्ह्यात गूळ जास्त होता, आणि बायका दोन्ही मागून मागून घेत होत्या. गाणी तिने म्हटली, तोडकंमोडकं, मधे एक कडवं विसरली. मला ते येत होतं, पण पुरुषांनी म्हणायचं नसतं म्हणून गप्प बसलो. मग पाठीमागून हळूच सांगितलं.

क्वार्टरचा कागद पराग सकाळी शेडला घेऊन गेला. संध्याकाळी विचारलं, तर म्हणाला, नाही असं कळवलंय.

दुपारी कॅमेऱ्याची उरलेली बाजू मी घासली. देविकेने कसं धरायचं ते दाखवलं, जोर लावायचा नाही, एकाच दिशेने फिरवायचं. अंगठ्याच्या खाचेतला चिकटाही स्पिरिटनेच निघाला. मग स्पिरिट लागलं म्हणून पुन्हा आंघोळ केली, तेवढं माझ्याने सुटत नाही. कपाटातला कापूर काढून देवापुढे ठेवला. झाकणावर टिळा तिने लावला, या वेळी पेटीतली पिंजर घेऊन, मी समोर असताना.

दिवेलागणीला अन्नपूर्णेचे तांदूळ बदलले. किल्ली परत खाली ठेवली. जागा बदललेली नाही.